ताराराणी आणि आपल्या दंडाच्या पावत्या

(मेळाव्यात केलेलं भाषण. तिथं वेळ कमी पडला आणि पाऊसही आला, म्हणून जे राहिलं ते लिहिताना घातलं आहे.)



मला कार्यकर्त्यांनी सांगितलं, तू बारावी झालीस, तू इतिहासावर बोल. मी म्हटलं, इतिहासावर बोलून आपली जमीन नावावर होणार आहे का? पुढच्या महिन्यात चौकशी आहे, तिची तयारी करायची सोडून राणीच्या गोष्टी कशाला? पण मग वाचायला बसले आणि वाचता वाचता माझ्या आजीची पावती आठवली. ती पावती तुमच्यातल्या पुष्कळांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांना नंतर सांगते. आधी राणी.

ताराबाई आपल्याच भागातली लेक. कराडजवळ, वसंतगडाच्या पायथ्याला तळबीड आहे, तिथल्या मोहित्यांची. तिचा बाप हंबीरराव मोहिते, शिवाजी महाराजांचा सरनोबत, म्हणजे सगळ्या फौजेचा मुख्य. तो 1687 साली वाईजवळच्या लढाईत पडला. ताराबाई तेव्हा बारा वर्षांची असेल आणि तिचं लग्नही झालेलं होतं, राजाराम महाराजांशी. पुढं औरंगजेबाने संभाजी महाराजांना मारलं, रायगड घेतला, राजाराम महाराज वेश पालटून पार दक्षिणेत जिंजीला गेले. ताराबाई मागं विशाळगडावर राहिली आणि 1694 ला जिंजीला पोचली. तिथं 1696 साली तिला मुलगा झाला, त्याचं नाव शिवाजी ठेवलं.

हे वर्ष ध्यानात ठेवा, 1696.

1699 च्या शेवटी औरंगजेब स्वतः उठला. ऐंशीच्या पुढचा म्हातारा. म्हणाला, आता एकेक किल्ला मी स्वतः घेणार. पहिला घेतला वसंतगड, म्हणजे राणीच्या माहेरचा. मग साताऱ्याला वेढा. आपण बाजाराला जातो तेव्हा डोक्यावर जो अजिंक्यतारा दिसतो तोच किल्ला. प्रयागजी प्रभू किल्लेदार होता. साडेचार महिने किल्ला लढला. एप्रिल महिन्यात मोगलांनी तटाखाली सुरुंग लावले. एक सुरुंग आत फुटला, आपली माणसं गेली. दुसरा उलटा बाहेर फुटला आणि चढायला तयार उभी असलेली मोगलांची दोनेक हजार माणसं तटाच्या दगडाखाली गाडली गेली.

वेढा चालू असतानाच मार्चमध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. वय तीस. ती बातमी आली आणि महिन्या-दीड महिन्यात साताऱ्याचा किल्ला खाली झाला. खाफीखान म्हणून मोगलांच्या बाजूचा एक इतिहास लिहिणारा होता. त्याने लिहून ठेवलंय की मोगलांच्या छावणीत आनंद झाला. आता मराठ्यांकडे राहिलं कोण? एक विधवा आणि दोन लहान पोरं. संपलं यांचं.

ती विधवा पंचवीस वर्षांची होती. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी.

पुढची सात वर्षं तिने औरंगजेबाला या डोंगरातून हलू दिलं नाही. कसं केलं ते सांगते, कारण ते आपल्याला कळण्यासारखं आहे. किल्ला लढवायचा तो पावसाळा तोंडावर येईपर्यंत. बादशहाची फौज तंबूत, हत्ती-उंट-तोफा चिखलात, दाणा-वैरण संपत आलेली. मग भाव करायचा. पैसे घ्यायचे, आपली माणसं धडधाकट बाहेर काढायची आणि किल्ला द्यायचा. विशाळगडाला तर मोठी रक्कम घेतली. बादशहा पुढच्या किल्ल्याकडे गेला की मागचा परत घ्यायचा. त्याच वेळेला घोडदळाच्या टोळ्या खाली माळव्यात, गुजरातेत पाठवायच्या, म्हणजे बादशहा इथं डोंगरात अडकलेला आणि त्याचा मुलूख तिकडे उघडा.

विशाळगड घेऊन औरंगजेब 1702 च्या जूनमध्ये परत फिरला. विशाळगड ते पन्हाळा तीसएक मैल. तेवढ्याला त्याच्या फौजेला महिन्याहून जास्त दिवस लागले. आंब्याकडचा, शिराळ्याकडचा, कोयनेकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, मी काय सांगू! ओढे फुगलेले, जनावरं वाहून चाललेली, माणसाला खायला नाही. त्याच्या आधी 1700 साली माण नदीला रात्रीत लोंढा आला आणि खवासपूरची सबंध छावणी बुडाली, त्या पळापळीत बादशहाचा गुडघा निखळला तो कायमचा. माणदेशातली नदी, एरवी हिच्यात पायाचा अंगठा भिजत नाही.

आणि 1707 साली औरंगजेब अहमदनगरला मेला. दिल्लीला परत गेलाच नाही.

आता माझा प्रश्न हा आहे. एवढं जिने केलं तिचं नाव आपल्याला कितपत माहीत आहे? माझ्या वेळच्या शाळेच्या पुस्तकात तिच्यावर काही ओळी होत्या. झाशीची राणी माहीत असते, तिचं सोंग पोरी स्नेहसंमेलनात काढतात, पाठीला बाहुली बांधून. ताराबाईचं सोंग काढलेलं मी पाहिलं नाही. कोल्हापुरात कावळा नाक्यावर घोड्यावरचा मोठा पुतळा आहे. पण ती मेली साताऱ्यात, 1761 च्या डिसेंबरात, शहाऐंशी वर्षांची होऊन. तिची समाधी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर. मी गेले होते. तिथं ज्याला विचारलं त्याने आधी मला शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी दाखवली. कुत्रा इमानी होता, त्याचा मान त्याला मिळावा, माझं काही म्हणणं नाही. पण राणीची कुठली हे विचारायला चार माणसं लागली.

हे असं का झालं? त्याचं कारण कागदात आहे.

1818 साली इंग्रज साताऱ्यात आला. त्यांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं आणि वर लक्ष ठेवायला एक साहेब नेमला, जेम्स ग्रँट डफ. तो 1822 पर्यंत साताऱ्यात होता. त्याला राजवाड्यातले, देवळातले, घराण्यांचे कागद बघायला मिळाले. आजारी पडून विलायतेला परत गेला आणि तिथं त्याने मराठ्यांचा इतिहास लिहिला. तीन भाग, 1826 साली छापला. पुढं कितीतरी वर्षं शिकलेल्या माणसांनी तोच इतिहास वाचला. मेहनत त्याने केली, हे कबूल करायला पाहिजे. पण तो होता कोण? नुकतंच ज्यांचं राज्य घेतलं त्यांच्यावर बसवलेला अधिकारी. त्याला मराठे कसे उठले असं वाटलं? सह्याद्रीतल्या वाळलेल्या गवताला वणवा लागावा तसे. आपोआप. अचानक.

वणवा म्हटल्यावर इथं सगळे हसले, ते का हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. वणवा कधी आपोआप लागतो का? आणि लागला की फॉरेस्टवाले पहिले कुणाच्या झोपडीत येतात? इतिहासात आपण वणवा, आणि जंगलात वणवा लावणारे! पुढं न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 साली पुस्तक लिहून ग्रँट डफचं हे म्हणणं खोडून काढलं. त्याच्याही आधी 1868 साली निळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या एका तरुणाने ग्रँट डफच्या बखरीवर टीका छापली. म्हणजे साहेबाने लिहिलं म्हणून गप्प बसायचं नाही, हे तेव्हाच्या शिकलेल्या पोरांनाही कळलं होतं.

ताराबाईचं मात्र दोन्हीकडून नुकसान झालं. कसं, ते बघा. औरंगजेब मेल्यावर मोगलांनी शाहू महाराजांना सोडून दिलं. ते संभाजी महाराजांचे पुत्र. गादी कुणाची यावरून चुलती-पुतण्याचं भांडण लागलं. 1708 च्या जानेवारीत शाहू महाराज साताऱ्यात गादीवर बसले, ताराबाई पन्हाळ्याकडे. तिथं 1714 साली तिच्याच सवतीने, राजसबाईने, तिला आणि मुलाला कैद केलं. नंतर वारणेचा तह झाला 1731 ला, सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्यं ठरली, वारणा नदी मधली शीव. शिराळ्याची माणसं आजही ती नदी ओलांडून जातात. ताराबाईला साताऱ्याला आणून ठेवलं. शाहू महाराज 1749 ला गेल्यावर ती परत उठली, पंचाहत्तरीची म्हातारी! रामराजाला तिने अजिंक्यताऱ्यावर कोंडून ठेवलं आणि पेशव्याशी भांडली. शेवटी 1752 साली जेजुरीला खंडोबासमोर शपथक्रिया होऊन तो तंटा मिटला.

आता लिहिणारे सगळे जिंकलेल्यांच्या बाजूचे. सातारच्या गादीचे, पेशव्यांचे. त्यांच्या लेखी ती भांडकुदळ, कारस्थानी बाई. इंग्रजाने ते कागद वाचले, त्यालाही बाई म्हटल्यावर कारस्थानच दिसलं. गादीसाठी पुरुष भांडला तर तो पराक्रम, बाई भांडली तर कारस्थान. तिने चुका केल्या नाहीत असं मी म्हणत नाही. पण सात वर्षांची लढाई चार ओळींत आणि म्हातारपणीचं भांडण चाळीस पानं, हा काय हिशेब झाला?

मग तिच्या सात वर्षांची खरी साक्ष कुणी ठेवली? गंमत बघा. तिच्या दुश्मनाने. तो खाफीखान, ज्याने लिहिलं की मोगलांना आनंद झाला, तोच पुढं लिहितो की या बाईने राज्य चालवायची आणि फौजेला हुकूम करायची मोठी करामत दाखवली, मराठ्यांचा जोर दिवसेंदिवस वाढत गेला आणि बादशहाची एवढी मोहीम फुकट गेली. तो शिव्याही देतो, पण लपवत नाही. नंतर जदुनाथ सरकारांसारख्या बंगालच्या इतिहासकाराने हे फारसी कागद वाचले, तेव्हा तिच्या कर्तृत्वाचा मान तिला द्यावाच लागला.

आपल्या गोंड बांधवांची राणी दुर्गावती, तिचंही असंच. तिकडे मंडल्याच्या बाजूला गढा-कटंग्याचं राज्य होतं. ती 1564 साली अकबराच्या सरदाराशी, आसफखानाशी लढता लढता मेली. तिची हकीगत कुणी लिहिली? अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने. झाशीच्या राणीला इंग्रजांनी काय काय म्हटलं, झाशीत गोऱ्यांची कत्तल झाली तिचं पाप तिच्या माथी मारलं. आणि ज्याने तिचा पराभव केला त्या सर ह्यू रोजनेच बंडवाल्यांत सगळ्यांत शूर ही बाई होती असं लिहून दिलं. तिचं मराठीतलं चरित्र 1894 साली छापलं ते दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी, ते साताऱ्याचेच. म्हणजे सदतीस वर्षं जावी लागली, आणि इंग्रज अजून राज्यावर असताना ते धाडस त्यांनी केलं.

या तिन्ही राण्यांच्या गोष्टीत मला एक गोष्ट सारखी दिसली. तिघींच्या पुढ्यात एक लहान पोर आहे. दुर्गावतीचा नवरा मेला तेव्हा मुलगा पाचेक वर्षांचा. लक्ष्मीबाईचा दत्तक दामोदर, तोही पाच वर्षांचा. तो दत्तक इंग्रजाने नामंजूर केला, आणि नामंजुरीची सुरुवात आपल्या साताऱ्यापासून, 1848 साली सातारा खालसा केला तेव्हापासून. आणि ताराबाईचा शिवाजी, 1696 चा जन्म, बाप मेला तेव्हा चार वर्षांचाही नव्हता. गादीवर कोण? शिवाजी. शिक्का कुणाचा? शिवाजीचा. हुकूम कुणाच्या नावाने सुटायचे? त्याच्याच. बाईच्या नावाची गादी नाही. राज्य तिने चालवायचं, कागदावर नाव पोराचं.

आता आजीची पावती.

1975 सालची आहे. दंड पंचवीस रुपये. आजोबा बहात्तरच्या दुष्काळानंतर वर्षभरात गेले. त्याच्या आधीपासून वरच्या टेपावर आम्ही नाचणी आणि वरी करायचो. आजोबा गेल्यावर आजीने कुदळ सोडली नाही. एक दिवस रखवालदार आला. कोयता, कुदळ जप्त केली आणि पावती फाडायला बसला. आजीला विचारलं, नाव सांग. आजीने स्वतःचं नाव सांगितलं. तो म्हणाला, बाईमाणसाचं नको, घरातल्या पुरुषाचं सांग. माझे वडील तेव्हा कोळशाच्या भट्टीवर बाहेर. घरात पुरुष म्हणजे माझा धाकटा चुलता, वय वर्षं अकरा, शेळ्यांच्या मागं. आजी म्हणाली, "मग ह्येचं लिव्हा." त्याने लिहिलं.

सरकारने 1978 च्या डिसेंबरात निर्णय काढला की ठरलेल्या तारखेच्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्यांची चौकशी करून जमीन नावावर करायची. चौकशी म्हणजे काय, तर पुरावा दाखवा. पुरावा म्हणजे काय, तर दंडाची पावती. आजीने ट्रंकेतून पावती काढली. साहेबाने वय विचारलं, हिशेब केला आणि म्हणाला, अकरा वर्षांच्या पोराने अतिक्रमण केलं कसं? दावा फेटाळला.

चार वर्षांच्या राजाने औरंगजेबाशी लढाई केली कशी, असं कुठला इतिहासकार विचारतो का? सगळ्यांना ठाऊक आहे की मागं त्याची आई होती. मग आमच्या टेपावर मागं कोण होतं हे त्या साहेबाला का कळू नये?

साहेब वाईट होता असं मी म्हणत नाही. त्याच्यापुढं जेवढा कागद होता तेवढा त्याने वाचला. आपल्याला त्याच्या कागदाच्या मागचं बोलायला लावायचं आहे.

आणि दुसरं बघा. आपल्या बाजूने आपल्याकडे काय कागद आहे? काही नाही. सातबारा नाही, नकाशा नाही. नकाशावर तिथं हिरवा रंग आणि राखीव जंगल असं लिहिलेलं. आपण तिथं होतो याची एकच लेखी साक्ष आहे, ती आपल्याला हाकलणाऱ्याने फाडलेली. खाफीखानासारखं झालं. आपल्याला चोर म्हणायला त्याने ती लिहिली, पण तारीख घातली, जागा घातली, आणि पीक काय होतं तेही घातलं. माझ्या आजीच्या पावतीवर "नाचणी" असं स्पष्ट आहे. झाडं नव्हती, जंगल नव्हतं, नाचणी होती, असं सरकारच्याच माणसाच्या हातचं.

म्हणून पावतीला शिव्या घालून चुलीत टाकू नका. काहींनी टाकल्या, मला माहीत आहे. दंड भरल्याची लाज वाटते. लाज कसली, ती आपली सनद आहे.

मधेच एका भावाने उठून विचारलं ते बरं केलं. तो म्हणाला, ताई, ताराबाई राणी होती, तळबीडच्या मोठ्या घरची. तिच्या राज्यात आपलं काय होतं? तिने आपल्याला जमीन दिली होती का?

हा प्रश्न मलाही पडला होता. मी राणीची भक्त नाही. लढाई चालू असली की फौज मोगलांची असो की मराठ्यांची, वैरण आणि दाणा गावातूनच जायचा. दोन्हीकडून वसुली. ती सात वर्षं या खोऱ्यातल्या कुणब्याने, गवळ्याने, जंगलातल्या माणसाने काय खाल्लं हे कुणी लिहिलेलं नाही. पण एक आहे. ते किल्ले हवेत टिकले नाहीत. किल्ल्याच्या घेऱ्यात रामोशी, कोळी, बेरड, महार अशी माणसं वसवलेली असायची. रान राखायचं, चोरवाटा सांभाळायच्या, रात्रीची गस्त. त्याबद्दल त्यांना जमीन असायची. साताऱ्याचा किल्ला मोगलांकडून परत घेतला त्याची गोष्ट ग्रँट डफनेच दिली आहे. अण्णाजीपंत नावाचा माणूस बैराग्याचं सोंग घेऊन, गोष्टी सांगून शिपायांना हसवत आत शिरला आणि मग मावळ्यांना आत घेतलं. अण्णाजीपंताचं नाव आहे. मावळ्यांचं एकाचंही नाही.

नाव आहे ते पिड्या नाईक बेरडाचं. वाकिनखेड्याचा, आता ते कर्नाटकात, सुरपूरच्या बाजूला. औरंगजेबाने स्वतः जाऊन घातलेला शेवटचा वेढा हा, 1705 चा. मराठ्या सरदारांच्या बायकापोरांना पिड्याने आपल्याकडे आसरा दिला होता, म्हणून धनाजी जाधव त्याच्या मदतीला धावला. बादशहाला गाव मिळालं ते रिकामं आणि जळालेलं. पिड्या हाती लागला नाही. त्याचं नावसुद्धा राहिलं ते मोगलांच्याच कागदात.

इंग्रज आल्यावर किल्ल्यांची गरज संपली. रखवाली गेली, रखवालीच्या जमिनी गेल्या. रामोशी उठले, उमाजी नाईकाला 1832 साली पुण्यात फाशी दिलं. मग 1871 चा कायदा, जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार. आणि 1878 चा जंगलाचा कायदा, ज्याने कुमरी करणारा चोर झाला. ज्या माणसांना रान राखायला ठेवलं होतं त्यांनाच रानात शिरायला बंदी. मग 1885 साली सातारा जिल्ह्याचं गॅझेटिअर निघालं. त्यात किल्ल्यांची वर्णनं आहेत, जंगलाचं मोजमाप आहे. ते पुस्तक आपण तालुक्याच्या वाचनालयातून मिळवायचा प्रयत्न करतो आहोत, कारण त्यातही कुठं कुठं आपल्या जमातींबद्दल लिहिलेलं आहे. साहेबाच्या पुस्तकात आपण सापडलो तर तेही घ्यायचं. 1985 साली तर कोयनेला अभयारण्य, चांदोलीला अभयारण्य जाहीर झालं. धरणाने एकदा उठवलं, आता रानगवे उठवणार.

तर त्या भावाला माझं उत्तर असं. ताराबाईने आपल्याला काय दिलं हे मला सांगता येत नाही. पण तिच्या बाबतीत कागदाने जी लबाडी केली ती आपल्या बाबतीत चालू आहे, आणि ती लबाडी कशी उलटवायची हे तिच्या गोष्टीत दिसतं. दुश्मनाचा कागद नीट वाचायचा, आणि जे कागदात नाही ते ज्याने पाहिलं त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

आता कामाचं. पुढच्या महिन्यातल्या चौकशीत आपली मागणी ही की नुसती पावती बघू नका, जागेवर या, पंचनामा करा, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. बांध किती जुना आहे हे बांधाकडे बघून कळतं. आंब्याचं, फणसाचं झाड कुणी लावलं हे म्हातारी सांगते. साहेब हे मानतील न मानतील, पण आपल्याकडून तयारी पाहिजे. त्यासाठी प्रत्येक वाडीत आपली दोन पोरं वही घेऊन येतील. त्यांनी घरातल्या पुरुषाला आधी विचारायचं नाही. म्हातारीला आधी. तिचं नाव, तिच्या माहेरचं गाव, कुठल्या सालापासून कुठलं शेत, पहिलं पीक काय, कुणी कुदळ जप्त केली, दंड किती. साल आठवत नसेल तर बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी का नंतर, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोण पोर अंगावर होतं, असं विचारायचं. भूकंप 1967 च्या डिसेंबरातला, तो कुणी विसरलेलं नाही.

मी सुरुवात आमच्या घरापासून केली. आजीचा जबाब लिहायला बसले. मी लिहिलं, "माझ्या पतीच्या निधनानंतर मी माझ्या मुलाच्या नावे जमीन कसत होते." वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "मुलाच्या नावं न्हाय. नाव त्येचं घातलं त्या रखवालदारानं. कसत हुते मी. तसं लिव्ह." मी खोडलं आणि तसं लिहिलं. अंगठा तिने स्वतः उमटवला, शाई लावायला दिला नाही कुणाला हात.

वह्या तयार आहेत. ज्यांच्या वाडीत अजून कुणी आलेलं नाही त्यांनी जाण्याआधी माझ्याकडे नाव द्या. आणि पावत्या घरी ठेवल्या असतील तर कुडाच्या भिंतीत खोचू नका, वाळवी लागते. पत्र्याच्या डब्यात ठेवा.

जिंदाबाद.